आणखी पाव फेरा

पावफेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर आहे आणि ते बिल वाटणाऱ्याखेरीज कुणी वाचत नाही. शहराच्या पंपघरात ते फिटर होते. उभ्या नोकरीत एखादा नट घट्ट बसल्याबरोबर त्यांनी हात काढून घेतला, असं कुणी पाहिलेलं नाही. सगळं आवळून व्हायचं, बाकीचे हत्यारं गोळा करायला लागायचे, कुणी चहाचा विषय काढायचं, आणि मग पावफेरे पान्याला पुन्हा हात घालून म्हणायचे, "आणखी पाव फेरा." दातओठ खाऊन तो फेरा मारला की त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरायची, तिच्यासाठी लोक डोंगरात जाऊन बसतात. नाव पंपघरात पडलं, त्यांच्याच सायकलवर बसून घरी आलं, आणि निवृत्तीनंतर सायकल गेली तरी नाव राहिलं.

यामागे त्यांच्या जुन्या मिस्त्रींची शिकवण होती. नव्यानं लागलेल्या फिटरला मिस्त्री पहिल्या दिवशी पंपाजवळ उभं करत आणि सांगत, "पाणी वाट बघत असतं, बरं का. तू जांभई दिलीस की येतं." पावफेऱ्यांनी हे वाक्य इतकं मनावर घेतलं, की ज्या वस्तूत पाण्याचा थेंबही नाही तीसुद्धा आपल्या जांभईची वाट बघते आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला घरच्यांना दोन्ही हात लागत. साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं असेल आणि ते परगावी गेले असतील, तर ते परत येईपर्यंत घरात बिनसाखरेचा चहा होई.

हा झाला एक गुण. दुसरा गुण लहानपणापासूनचा. कुठलीही बंद डबी, पेटी किंवा यंत्र दिसलं की त्यांच्या उजव्या भुवईचं टोक वर जाई आणि तोंडून प्रश्न येई, "आत काय असतं?" वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांची बॅटरी, सातव्या वर्षी आजोबांचं घड्याळ, आणि मग हा रथ थांबलाच नाही. निवृत्तीनंतर तर घरातली एकेक वस्तू त्यांच्यापुढे पोट उघडं टाकून पडू लागली: इस्त्री, पंखा, दाराची घंटा, वजनाचा काटा. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करायला उघडणारे पुष्कळ असतात. पावफेऱ्यांना त्यात फारसा रस नव्हता. चालती वस्तू अजून बंद का पडत नाही, हे बघायला ते ती उघडत, आणि बहुतेक वेळा तिथंच त्या प्रश्नाचा निकाल लागे.

उघडण्याची त्यांची पद्धत मात्र शिस्तीची. काढलेले स्क्रू ते साबणाच्या ओल्या वडीत रोवून ठेवत. स्क्रू जसे वस्तूवर होते त्याच जागी वडीवर. त्यामुळे हरवायचं भय नाही आणि परत लावताना घोटाळा नाही. पंपघरात या पद्धतीचं कौतुक होई. घरात एकदा अशी वडी चुकून न्हाणीघरात गेली आणि पाहुणे म्हणून आलेले मेहुणे पाठीवरून पंख्याचे स्क्रू फिरवून बाहेर आले. त्याच दिवशी बायकोनं कायदा केला.

"या घरातलं काहीही उघडा. मलाही उघडून बघायचं म्हणाल तर तेही चालेल. पण दोन वस्तूंना हात लावायचा नाही. माझं भरतकामाचं मशीन आणि माझा कॉम्प्युटर."

बायकोला आळीत सगळे टाकेकाकू म्हणत. त्या घरी बसून भरतकामाची कामं घेत. शाळेच्या बिल्ल्यांपासून बँडवाल्यांच्या कोटांवरच्या वेलबुट्टीपर्यंत सगळं. केस पांढरे व्हायला लागल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या, आणि मुलीनं नोकरीच्या सुरुवातीला घेतलेला, मग मागं ठेवून गेलेला तो जुना कॉम्प्युटर त्यांनी असा ताब्यात घेतला, की मुलगी सुट्टीत आली की विचारून बसे. त्यावर नक्षी काढायची, ती जाड वायरीतून मशीनकडे पाठवायची आणि मशीन ती कापडावर टाक्यांनी उतरवी. नक्षी काढायचा प्रोग्राम पुराणा. तो बनवणारी कंपनी उठून गेलेली, सीडी हरवलेली. नव्या कॉम्प्युटरवर तो चालायचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे टेबलाखालचा तो सीपीयूचा डबा हा, मशीन सोडलं तर, घरातला एकमेव न उघडलेला प्राणी होता. पावफेरे जेवताना त्याच्याकडे बघत. पेपर वाचताना बघत. झाडू मारायचं निमित्त करून त्याच्या पाठीमागं जाऊन मागच्या जाळीतून आत डोकावत. "आत एक हिरवं शहर आहे," असं त्यांनी एकदा चहा पिता पिता जाहीर केलं. "लांबच राहा त्या शहरापासून," काकू म्हणाल्या.

आणि मग झाडाची भानगड झाली.

गेली दोन वर्षं काकू लोकांची कामं संपली की स्वतःसाठी एक झाड काढत होत्या. पडद्याएवढ्या कापडावर भरायचं मोठं झाड, त्यावर चाळीसेक पक्षी, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. एक मान वळवून बसलेला, एक भांडणारा, एक नुसताच फुगलेला. (हा फुगलेला पावफेऱ्यांवर बेतला आहे, असं मुलीचं मत होतं.) आयुष्यभर काकूंनी दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे बिल्ले आणि दुसऱ्यांचे वेल भरले होते. हे पहिलं काम त्यांचं स्वतःचं. शहरातल्या कलादालनानं हातकामाचं प्रदर्शन ठेवलं आणि काकूंचं झाड स्क्रीनवरच बघून निवडलं. रविवारी ते टांगायचं होतं. नक्षी तयार होती, फक्त भरायची राहिली होती, आणि भरायला मशीनला तीन-चार दिवस तरी लागणार होते.

आणि नेमकं तेव्हाच मशीन गेलं. म्हातारपणानं गेलं. यात पावफेऱ्यांचा हात नाही, याची काकूंनी दोनदा खात्री करून घेतली. नवीन मशीन आलं, चकचकीत, मुकं आणि गर्विष्ठ. त्याला जाड वायर कळत नव्हती. त्याला नक्षी पेनड्राइव्हवरच हवी होती. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावायची दोन तोंडं होती. त्यातलं एक खिळखिळं होऊन निकामी झालेलं आणि दुसरं विजेच्या एका झटक्यात वारलेलं. फ्लॉपीचं तोंड तर केव्हाच मिटलेलं, सीडीचं फक्त आत घेणारं, आणि इंटरनेट कधी जोडलेलंच नाही. म्हणजे झाड आत, मशीन बाहेर, आणि मध्ये दारच नाही.

काकूंनी मुलीला फोन लावला.

"सोपं आहे, आई," मुलगी म्हणाली. "एक कार्ड मिळतं. डब्याच्या आत खाच असते तिच्यात बसवायचं, की मागं चार नवीन तोंडं मिळतात. मी आजच पाठवते. पण बसवून घे दुकानातून. बाबांना अजिबात..."

"ते शेजारीच बसलेत."

"मग स्पीकर बंद कर ना."

"आता काय उपयोग? ऐकलं त्यांनी."

"बाबा, बरे आहात ना?" मुलगी म्हणाली.

"कार्ड कसं असतं दिसायला?" पावफेरे म्हणाले. भुवई वर गेली होती.

कार्ड दोन दिवसांत आलं. तळहाताएवढी हिरवी पाटी, एका कडेला सोनेरी दात, आणि एका टोकाला काटकोनात वळलेली पत्र्याची पट्टी. काकू ते घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. त्याच्या टेबलावर उघड्या डब्यांची चळत लागली होती आणि तो त्यांच्या आडून बोलत होता.

"किती जुना आहे, काकू?"

"माझ्या मुलीच्या पहिल्या नोकरीचा."

"मुलीला आता मुलं असतील."

"दोन."

"मग त्याला आता आराम द्या. नवीन घ्या." काकू हलल्या नाहीत, हे पाहून तो नरमला. "बरं, आणून ठेवा. पुढच्या आठवड्यात बघतो. घरी येणं मात्र जमायचं नाही."

झाड तर याच रविवारी टांगायचं होतं. काकू घरी आल्या, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून नवऱ्याकडे बघत राहिल्या. पावफेरे पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"हात धुऊन या," काकू म्हणाल्या.

पावफेऱ्यांनी आयुष्यात इतक्या वेगानं हात धुतले नव्हते.

सीपीयूचा डबा खिडकीजवळच्या टेबलावर आडवा झाला. सगळ्या वायरी काढल्या. काकूंनी अटी घातल्या: सांगितलं तेवढंच उघडायचं. साबण नाही. स्क्रू त्यांच्या बटणांच्या डब्यात जातील आणि झाकणावर शिंप्याच्या खडूनं कुठला कुठला ते त्या लिहितील. मुलगी फोनवर होतीच.

"बाबा, आधी डब्याच्या पत्र्याला हात लावून ठेवा. अंगातली वीज उतरू दे."

"त्यांच्या अंगातली वीज केव्हाच उतरलीय," काकू म्हणाल्या. "पुढचं सांग."

पावफेऱ्यांनी मागचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा मागं सरकवला आणि उचलला. इतकी वर्षं जाळीतून पाहिलेलं शहर त्यांच्यासमोर उघडं झालं. पण शहर हिरवं नव्हतं. शहरावर हिवाळा पडला होता. सगळीकडे धुळीची मऊ लव, आणि मधल्या पंख्याभोवती तर घरटंच झालेलं, मूठभर जाडीचं.

"शी!" काकू म्हणाल्या.

"थांब, थांब," पावफेरे म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. घरटं चिमट्यानं हळूच उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. ते नुसत्या धुळीचं नव्हतं. त्यात दोरे होते. काकू शेजारीच बसून धागे तोडत, आणि पंखा ते बारीक बारीक तुकडे इतकी वर्षं आत ओढत आला होता. आणि ते थरावर थर बसले होते, वर एक रंग, खाली दुसरा.

"हा निळा कसला गं?"

काकू नाक मुरडून बघत होत्या, त्या वाकल्या. "बँडवाल्यांचे कोट. सगळा उन्हाळा मी निळ्यात बुडाले होते."

"आणि हा हिरवा?"

"नर्सिंगच्या मुलींचे बिल्ले. त्या हिरव्यानं डोळे गेले माझे." आता त्यांनीच चिमटा घेतला. "हा लाल बघा. तो हॉटेलवाला. टॉवेलवर नाव भरून घेतलं आणि नाव बदललं मेल्यानं, सगळं उसवायला लावलं."

"आणि हा पांढरा? एवढा जाड?"

काकूंनी जरा आठवून पाहिलं. "तुम्ही पायावर पान्याची पेटी पाडून घेतली होती तेव्हा. तुमचा पाय आणि माझ्या उशा. घरातून बाहेर पडणं नव्हतंच, उशांचे अभ्रे भरत बसले."

"आई? बाबा? काय चाललंय?" फोनमधून मुलगी म्हणाली. "कार्ड बसलं का?"

"अजून उशांपर्यंत आलोय," पावफेरे म्हणाले.

त्यांनी मऊ ब्रशनं शहर झाडलं. घरटं फेकायला काकूंनी नकार दिला आणि एका रिकाम्या डबीत घातलं. मग काम सुरू झालं. मागच्या बाजूला उभ्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, त्यातली एक काढली. कार्ड खाचेवर धरलं, दोन्ही अंगठे वरच्या कडेवर ठेवून सरळ खाली दाबलं. सोनेरी दात खाचेत गेले. एक बारीक, समाधानी आवाज आला. पावफेऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. जिल्ह्याची परीक्षा पास झालेला मुलगा आईकडे बघतो, तसं पाहिलं.

मग कार्डाच्या पट्टीचा वरचा वळलेला कान डब्याच्या कडेवर स्क्रूनं बसवायचा राहिला. स्क्रू लावला. आवळला. पेचकस बाजूला ठेवला. पुन्हा उचलला.

"आणखी पाव फेरा," पावफेरे म्हणाले.

वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. स्क्रीन काळाच.

थोडा वेळ दोघंही त्या काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचे चेहरे बघत बसले.

"माझं झाड?" काकू म्हणाल्या.

पावफेरे लगेच डब्याकडे वळले. त्यांनी बटण बंद केलं, वायर काढली, कार्ड काढलं आणि पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटर खाकरला, कुरकुरला आणि उठून बसला. काकूंनी प्रोग्राम उघडला. झाड होतं. सगळे पक्षी जागच्या जागी होते, फुगलेलासुद्धा. काकूंनी श्वास सोडला तेव्हा टेबलावरचे दोरे हलले.

पुन्हा कार्ड बसवलं. काळा. शेजारच्या दुसऱ्या खाचेत बसवलं. काळा. काढलं की कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालू. मुलीनं फोनवर निकाल दिला, "कार्डच खराब असेल, आई. दुकानात ते एकच होतं, दुसरं मागवून पाठवते. आठवडाभरात येईल."

"आठवड्यानं त्या झाडाचं सरपण करू काय?" काकूंनी फोन ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बसल्या, बोटात अडकलेला धागा गुंडाळत आणि उलगडत.

पावफेऱ्यांची भुवई मात्र चढायला लागली होती. बायकोच्या झाडाची धास्ती होतीच, पण धास्तीच्या खालून तो जुना प्रश्न वर येत होता. दोन खाचा आणि दोन्हींत तेच? पंपघरात दोन पंप एकाच तऱ्हेनं बिघडले तर मिस्त्री पंपांकडे बघत नसत. ते पंप चालवणाऱ्याकडे बघत. मग दोन्ही खाचांत सारखं काय होतं? कार्ड सारखं होतं. आणि?

"तुम्ही काय काय करता ते एकदा बोलून दाखवा," काकू अचानक म्हणाल्या. "शिकायला आलेल्या मुलींचा टाका चुकत असला की मी असंच करते. करा आणि बोला."

काकूंनी खुर्ची ओढली आणि हनुवटी डब्याच्या कडेला टेकवली. पडद्याची दुमड सरळ आहे का हे त्या याच नजरेनं बघत. कापडाच्या पातळीवर डोळा आणून, एक डोळा मिटून.

"हे कार्ड धरलं. खाचेवर आणलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बसलं."

"सरळ बसलं," काकू म्हणाल्या.

"स्क्रू लावला. आवळतोय. झालं." आणि सवयीनं, "आणखी पाव..."

"थांबा! उचललं ते."

"काय उचललं?"

"तिकडचं टोक. तुम्ही इकडे आवळता आणि ते तिकडून वर येतंय. पाळणा झालाय त्याचा."

"काहीतरीच. घट्ट बसलंय ते." पावफेऱ्यांच्या कामाला कुणी तिरकं म्हणालं तर चालत असे. ढिलं म्हणणं म्हणजे खानदानावर जाणं.

काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी रिळाचा एक धागा तोडला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि कार्डाच्या लांबच्या टोकाखाली घातला. धागा सहज आत गेला आणि त्यांनी तो करवतीसारखा पुढंमागं ओढून दाखवला. "आता तो स्क्रू सोडा आणि पुन्हा दाबा." पावफेऱ्यांनी सोडला, दाबलं. धागा आत जाईना. "आता आवळा." आवळला. धागा गेला.

पावफेरे बघतच राहिले. पंपघरात ते फटी मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा वापरत, आणि तो जुडगा कुणाला हात लावू देत नसत. बायकोनं तेच काम रिळाच्या धाग्यानं केलं होतं, आणि तेही गुलाबी धाग्यानं.

"दोरा जास्त ताणला की कापड गोळा होतं," काकू म्हणाल्या. "मग आवळू नका ना एवढं. नुसता टेकवा."

"नुसता टेकवू?"

"हो."

"म्हणजे ढिला ठेवू?"

"अहो, यातून काय गळणार आहे? माझे पक्षी?"

पावफेऱ्यांनी स्क्रू नुसता टेकवला. पेचकस त्यांनी असा खाली ठेवला, की बघणाऱ्याला वाटावं या माणसानं घराचं दार सताड उघडं टाकून यात्रेला निघायचं ठरवलंय. बटण दाबलं. पंखा, दिवा, आणि स्क्रीन उजळला. काकूंनी टाळी वाजवली. कार्डाबरोबर आलेली सीडी घातली, कॉम्प्युटरनं नव्या पाहुण्याशी ओळख करून घेतली, मागच्या नव्या तोंडात पेनड्राइव्ह घातला आणि झाड हळूहळू पलीकडे जायला लागलं. स्क्रीनवरची निळी पट्टी भरू लागली. चतुर्थांश. अर्धी.

पावफेरे डब्याजवळ उभे होते. त्यांची नजर त्या स्क्रूवर होती. ढिला स्क्रू. उघड्यावर, सगळ्यांदेखत. पाणी वाट बघत असतं. त्यांनी फक्त एक बोट पुढं केलं आणि कार्डाची पट्टी किती हलते हे बघायला हळूच लावलं.

पट्टी हलली. निळी पट्टी थांबली. स्क्रीन गोठला.

"मी फक्त बघत होतो, ढिलं आहे का ते," पावफेरे म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि पावफेऱ्यांना बायकोचा आरडाओरडा तोंडपाठ होता. हे गप्प बसणं त्यांनी पूर्वी एकदाच ऐकलं होतं, मुलगी आजारी होती तेव्हा. त्यांनी बटण बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटरनं फार वेळ घेतला, प्रोग्राम उघडायला त्याहून जास्त. मग एका कोपऱ्यातून खोड आलं, फांद्या आल्या, एकेक पक्षी येऊन बसला.

"दोन वर्षं आहेत माझी त्यात," काकू एवढंच म्हणाल्या.

पावफेरे टेबलाशी बसले. आवळलं तर उचलतं, सोडलं तर डुलतं. त्यांनी आता बायकोसारखी हनुवटी डब्याच्या कडेला टेकवली आणि एक डोळा मिटला. कार्ड नीट बसलेलं असताना पट्टीचा तो वळलेला कान डब्याच्या कडेवर टेकतच नव्हता. डबा स्वस्तातला, त्याची कड जराशी खाली वाकलेली. कान आणि कड यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. स्क्रू आवळला की कान ती फट बुजवायला खाली जाई आणि दुसरं टोक वर.

फट.

पावफेरे ताडकन उठले, आणि त्यांचं डोकं वरच्या दिव्याला लागलं.

"अगं, वॉशर! फट आहे म्हणजे वॉशर हवा. आयुष्यभर वॉशर कापले मी, आणि इथं स्क्रूशी मारामारी करत बसलोय! रबर दे."

"रबर कुठलं? बुकरम आहे. कॉलरमध्ये घालतो ते, ताठ असतं."

"दाखव."

काकूंनी बुकरमचा तुकडा काढला. पावफेऱ्यांनी तो दोन बोटांत दाबून पाहिला, कानाशी नेऊन करकरवला आणि मान डोलावली. एक घडी घातली, फटीत सरकवून पाहिली. कमी. दोन घड्या. जास्त. मग काकूंनी कात्री हातात घेतली, "सरका" म्हणाल्या, एक पदर सोलून काढला, नखाएवढा चौकोन कापला आणि कात्रीच्या टोकानं मध्ये भोक पाडलं. तो कानाखाली बसला, जणू डब्याला कारखान्यातूनच कॉलर शिवून आली होती. पावफेऱ्यांनी स्क्रू लावला. आवळला. काकूंनी धागा लावून पाहिला. जाईना.

पावफेऱ्यांनी पेचकस खाली ठेवला नाही. ते बायकोकडे बघत होते. बोलत नव्हते, पण सगळा चेहरा तेच विचारत होता.

काकूंनी धागा पुन्हा ताणून टोकाशी धरला. "मारा," त्या म्हणाल्या. "पण मी बघतेय."

पाव फेरा बसला. धागा जागचा हलला नाही. पावफेऱ्यांच्या चेहऱ्यावर ती डोंगरातली शांती पसरली.

मग झाड पलीकडे गेलं. निळी पट्टी पूर्ण भरेपर्यंत पावफेऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले होते. काकूंची अट होती तशी. पेनड्राइव्ह नव्या मशीनमध्ये गेला, मशीननं जरा विचार केला आणि सुई खाली आली. सगळ्यात आधी भरला गेला तो फुगलेला पक्षी. काकूंनी हे ठरवून केलं की नक्षीच तशी होती, हे पावफेऱ्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी पुढचं रीळ लावायला घेतलं. मशीन चार दिवस टकटकत राहिलं. ते चारही दिवस पावफेरे त्याच्या समोर स्टूल टाकून बसले, आणि मशीनच्या बाजूच्या झाकणाला दोनच स्क्रू आहेत, ही माहिती त्यांनी घरात अनेकदा दिली.

रविवारी कलादालनात झाड टांगलं. उंच छताखाली, पांढऱ्या भिंतीपासून हातभर पुढं, आडव्या दांडीवरून खाली सोडलेलं, गुडघ्यापर्यंत. लोक समोर थबकत होते, मागं सरकून बघत होते, जवळ येऊन एकेक पक्षी न्याहाळत होते. कॉम्प्युटरवालाही दुकान बंद करून आला होता. "काकू, हे त्या डब्यातून निघालं?" असं त्यानं विचारलं आणि झाडापुढं बराच वेळ उभा राहिला. मुलगी रात्रीच्या गाडीनं आली होती. ती आईचा हात धरून उभी होती आणि सोडायचं नाव घेत नव्हती.

"आई, बाबा कुठायत?"

काकूंनी हनुवटीनं खाली दाखवलं. झाडाच्या बुंध्याखाली, कापडाच्या कडेपलीकडे, दोन पाय दिसत होते. चपला ओळखीच्या होत्या. टाचा भिंतीकडे, अंगठे लोकांकडे.

एका बाईंनीही ते पाय पाहिले आणि त्या दचकल्या. "अहो, मागे कुणीतरी आहे!"

"आमचे हे आहेत," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी पुढून बघितलं ना, म्हणून ते मागून बघतायत."

"मागून काय दिसतं?"

"आत काय असतं, ते."

तेवढ्यात झाडामागून आवाज आला. दबका, पण पंपघरात कमावलेला, त्यामुळे दालनाच्या दुसऱ्या टोकालाही नीट ऐकू गेला.

"अगं ए, ऐकतेस का? त्या फुगलेल्याच्या मागं एक दोरा सैल आहे. जरासा ओढू?"

सगळं दालन काकूंकडे बघायला लागलं. काकूंनी मान वळवली नाही. आलेल्या बाईंशी बोलता बोलता, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, जराशा वरच्या पट्टीत त्या म्हणाल्या, "हात मागे!"

झाडाखालचे अंगठे काही वेळ घुटमळले. मग दोन्ही टाचा शहाण्यासारख्या एकमेकींना चिकटल्या.